पेटीतला एकच कागद

माझं खरं वय मला मनगटाच्या एक्स-रेवरून कळलं. सांगितलं की लोक हसतात. त्या दिवशी मीही हसलो होतो, आणि त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

तेव्हा मी बारावीत होतो आणि जिल्ह्याच्या अंडर नाईन्टीन संघात डाव्या हाताची फिरकी टाकायचो. राहायला वरठीला. बाबा तिथल्या कारखान्यात ठेकेदाराकडे, स्क्रॅप यार्डात. आई लोकांच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धानाचे रोवणे, म्हणजे लावणी करायची, कापणी करायची, आणि मधल्या दिवसांत मिळेल ते काम. मी एकुलता एक. निदान मला तसंच माहीत होतं.

क्रिकेटमध्ये आलो तो उंचीमुळे. म्हणजे उंची नसल्यामुळे. धान निघालं की रिकाम्या बांधीत गावचे पोट्टे टेनिस बॉलनं खेळायचे. माझ्या वर्गातले सगळे माझ्यापेक्षा हातभर उंच. मला बॅटिंग कोण देणार? "ए टिल्लू, बॉल टाक," एवढंच. अंगात जोर नव्हता म्हणून हळू टाकायचो, आणि हळू टाकलेला बॉल मातीच्या भेगांत पडून असा वळायचा, की मोठमोठे पोट्टे बॅट फिरवून तोंडावर पडायचे. फार मजा यायची. गावच्या टूर्नामेंटला एकदा भंडाऱ्याचे एक सर पंच म्हणून आले. शाळेत पीटी शिकवायचे आणि संध्याकाळी मैदानावर मॅटिंग टाकून पोरांना लेदर बॉल शिकवायचे. माझी ओव्हर संपल्यावर ते जवळ आले.

"कोणत्या वर्गात हायेस बे?"

"दहावीत, सर."

त्यांनी मला वरून खाली पाहिलं. "दहावीत? घरी जेवाले देत नाही का तुले?"

दुसऱ्या दिवसापासून मी सायकलनं भंडाऱ्याला जायला लागलो. लेदर बॉल पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा माझी बोटं शिवणीवर नीट पोचेनात. सर म्हणाले, उशीर केलास, अंडर सिक्स्टीन हातचं गेलं, आता सरळ अंडर नाईन्टीन. म्हणजे समोर दाढीमिशांचे बाप्ये आणि मध्ये मी. पहिल्या वर्षी असा मार खाल्ला की विचारू नका. एका सामन्यात एकाच गड्यानं मला सलग तीन वेळा मैदानाबाहेरच्या रस्त्यावर मारलं, आणि चौथ्या वेळी आमचाच विकेटकीपर हसला. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडलो. आपण मुळातच कमअस्सल आहोत, आपलं शरीरच धड नाही, असं मनात पक्कं बसलं. वर्गात लहान, संघात लहान, सगळीकडे लहान. आईला म्हणायचो, तू मला नीट जन्माला घातलं नाहीस. ती भाकर वाढायची.

दुसऱ्या वर्षी जरा जमलं. तिसऱ्या वर्षी, म्हणजे बारावीत, दिवाळीनंतरच्या एका दोन दिवसांच्या सामन्यात मी एका डावात सहा विकेटा काढल्या. सर मैदानातच माझ्या पाठीत बुक्की घालून म्हणाले, "विभागाच्या ट्रायलले तुहं नाव पाठवून राहिलो. पण ध्यानात ठेव, हे तुहं शेवटचं वर्ष. पुढच्या साली कागदावर एकोणीस पूर्ण होशीन, मग कोणी कुत्रं विचारणार नाही."

ट्रायलच्या आठ दिवस आधी पॉइंटला कॅच घ्यायला आडवा पडलो आणि डावं मनगट गेलं. आवाज मला स्वतःलाच ऐकू आला.

सरच मला हाडाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "वय काय याचं?" सर म्हणाले, "अठरा पूर्ण." डॉक्टर म्हणाले, "काहीतरीच." मग त्यांनी पेनाच्या टोकानं मनगटाजवळची एक काळी रेघ दाखवली. म्हणाले, हाड वाढायचं थांबलं की ही फट भरून येते. अठराव्या वर्षी ती अशी उघडी सहसा दिसत नाही. हा मुलगा फार तर सोळाचा. कदाचित सोळाही नाही.

मी हसलो. सर हसले नाहीत. प्लास्टर घालून बाहेर आल्यावर त्यांनी मला दोन्ही खांद्यांना धरलं. "अबे, तुह्याजवळ अजून दोन वर्ष आहेत! दोन वर्ष! हा सीझन गेला तं गेला. लोक वय कमी कराले खोटे कागद आणतात, आन् तुहं फुकटात वाढवून ठेवलं कोणीतरी. घरी जाऊन विचार. कागद दुरुस्त करून आण."

प्लास्टरमधला हात दुखत होता, पण त्या दिवशी भंडाऱ्याहून वरठीपर्यंत मी बसमध्ये नुसता आनंदात होतो. मी कमअस्सल नव्हतो. मी फक्त लहान होतो.

बाबा ड्युटीवरून आले, सायकल भिंतीला लावली. मी दारातच विचारलं, "बाबा, माहा जन्म खरा कधीचा?" त्यांनी आधी आत पाहिलं. आई चुलीजवळ होती. मग म्हणाले, "चाल, तळ्यावर जाऊन येऊ."

तळ्याच्या पारीवर, म्हणजे बांधावर, बसून बाबांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत सांगतो, कारण माझ्या शब्दांत ते अजून नीट येत नाही.

"तुह्या आंधी एक होता. पहिला. पहिलं बाळंतपण तुह्या आईच्या माहेरी झालं, बपेऱ्याकडे. तिकडं तुह्या मामानं ग्रामपंचायतीत नोंद केली. नावाचा रकाना कोराच होता, बारसं व्हाचं होतं ना. कागद घेऊन आलो, पेटीत ठेवला. वर्षाचाही नव्हता, ताप आला, गेला. लहान लेकराचं कोण लिहिते? गाडलं आन् आलो. मंग दीड वर्षानं तू झाला, इथं, घरीच. तुही नोंद राहून गेली. तू साडेचार वर्षांचा होता, आई रोवण्याले जाये, मी ड्युटीवर, तुले पाहणारं कोणी नाही. शाळेत घातलं तं दुपारी जेवाले तरी भेटन. मास्तर म्हणे, सहा पूर्ण पाहिजे, कागद आणा. पेटीत एकच कागद होता. तोच देल्ला. मास्तरनं कोऱ्या रकान्यात तुहं नाव भरून आणाले सांगतलं, भरून आणलं."

"तुमाले काहीच नाही वाटलं?"

बाबा म्हणाले, "वाटलं, कागद कायले वाया जाऊ द्याचा."

मला एवढा राग आला की मी तिथून उठून गेलो. पण घरी पोचेपर्यंत वेगळंच डोक्यात आलं. शाळेतल्या दाखल्यावरचा माझा वाढदिवस पोळ्याच्या आसपास यायचा, आणि त्या दिवशी आई घरात नसायची. काहीतरी काम काढून बाहेर जायची. उलट दर थंडीत, पूस महिन्यात, एका कोणत्यातरी दिवशी ती मला सकाळी गरम पाण्यानं आंघोळ घालायची, बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावायची, खीर करायची. "कायले वं आई?" विचारलं तर म्हणायची, "असंच." सोळा वर्षं ती माझा खरा वाढदिवस चोरून करत होती आणि मला कधी कळलं नाही.

तरी मी तिच्याकडे कागद मागितला. मला तेव्हा दुसरं काही दिसतच नव्हतं. सरांनी तहसीलमध्ये चौकशी केली होती. माझी नवी जन्मनोंद व्हायची तर आधीचा कागद कोणाचा, हे सांगावं लागेल. म्हणजे पहिल्या मुलाची मृत्यूची नोंद करावी लागेल, इतक्या वर्षांनी, आदेश काढून. त्यासाठी आईचं प्रतिज्ञापत्र लागेल, आणि तिला स्वतः येऊन जबाब द्यावा लागेल.

आई म्हणाली, "नाही."

पुढचे पंधरा दिवस तिचं एवढंच उत्तर. बाबांनी समजावलं, सर घरी येऊन गेले, "ताई, पोराच्या जिंदगीचा सवाल आहे," म्हणाले. तिनं त्यांना चहा दिला आणि नाही म्हणाली. शेवटी एकदा मी ताट सरकवून विचारलं, "काहून पण? काहून नाही?"

ती हळूच म्हणाली, "त्या कागदावर तो हाये ना. तुह्या संगं शाळेत गेला, दहावी पास झाला. मी कायले पुसू त्याले?"

आणि मी काय म्हणालो ते लिहितो, कारण ते लपवलं तर बाकी सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, "मेलेल्या पोट्ट्याले किती दिवस जगवशीन? मी जिवंत आहो ना! मले जगू दे ना!"

ती तशीच उठली आणि परसात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं पांढरं लुगडं नेसून दारात उभी होती. "चाल," म्हणाली. "कुठं सही कराची ते दाखव."

सही एका जागी नव्हती. वर्षभर चकरा झाल्या. आज साहेब नाहीत, उद्या सर्व्हर बंद, परवा साक्षीदार आणा. दर वेळी आईची मजुरी बुडायची आणि दर वेळी नवा माणूस नव्यानं तेच विचारायचा. मी शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकायचो. एकदा तर कॉम्प्युटरवर अर्ज भरणाऱ्या बाईनं अर्धं भरलं आणि लाइट गेली, ते सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बाई चांगली होती, हळू बोलायची. तिनं विचारलं, "मृत्यू कधी झाला?" त्या दिवशी बाबाही सोबत होते, त्यांना महिनाही धड आठवेना. आईनं तिथी सांगितली, वार सांगितला, कारखान्याचा दुपारचा भोंगा व्हायचा होता तेही सांगितलं.

"नाव काय ठेवलं होतं?"

आईनं नाव सांगितलं. सोळा-सतरा वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं. इथं लिहीत नाही.

"मृत्यूचं ठिकाण? घर लिहू की दवाखाना?"

"फाटक," आई म्हणाली.

बाईनं वर पाहिलं. "म्हणजे?"

"रेल्वेचं फाटक. तवा पूल नव्हता जी. याचे बाबा ड्युटीवर होते. मी लेकराले घेऊन दवाखान्यात चालली होती, फाटक बंद होतं. मालगाडी उभी होती. फाटक उघडेवरी तो गेला."

"मग घर लिहिते, ताई. इथं दोनच पर्याय सोपे आहेत."

"घरी नाही गेला तो," आई म्हणाली. तिचा आवाज चढला. "लिहाचं आहे तं खरं लिहा. फाटकावर गेला."

बाईनं शेवटी 'इतर' असं काहीतरी निवडलं आणि पुढे रेल्वे फाटक लिहिलं. आईनं ते वाचायला सांगितलं, ऐकलं, आणि मग सही केली. तिला सही येते, रात्रशाळेत शिकली होती. मी त्या वेळी खिडकीकडे पाहत होतो. माझ्या मनात तेव्हा कोणता विचार होता सांगू? पुढच्या सीझनची नावं कधी पाठवतात, हा.

कागद आले. एक मृत्यूचा, एक माझ्या जन्माचा, दोन्ही कोरे करकरीत. मनगट केव्हाच जुळलं होतं, बॉल पुन्हा वळायला लागला होता, उंचीही चार बोटं वाढली होती. सरांनी नवे कागद, जुना कागद, एक्स-रे, डॉक्टरची चिठ्ठी असं सगळं एका प्लास्टिकच्या फाइलीत घातलं. आम्ही दोघं पॅसेंजरनं विभागाच्या कमिटीपुढे गेलो. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

टेबलापलीकडे तिघं होते. मधल्या चष्मेवाल्यांनी सगळे कागद नीट वाचले, हे मी कबूल करतो. उर्मट नव्हते. वाचून झाल्यावर त्यांनी जुना दाखला आणि मृत्यूचा दाखला शेजारी शेजारी ठेवले.

"आमच्याकडे तीन सीझन नोंद आहे ती या जन्मदाखल्यावर. आणि तुम्ही म्हणता, या दाखल्याचा मुलगा वर्षाचा व्हायच्या आत वारला."

"हो साहेब," सर म्हणाले.

"मग आमच्याकडे तीन सीझन खेळला कोण?"

बाजूचा एक जण हसला. मग त्यानं घाईनं तोंडावर हात धरला.

सरांनी सगळं सांगितलं. आजोळी झालेलं बाळंतपण, कोरा रकाना, शाळा, पेटी. म्हणाले, साहेब, यात पोराचं नुकसानच झालं, फायदा काय झाला? तेराव्या वर्षी अठराच्या पोरांसोबत खेळला तो. चष्मेवाले म्हणाले, "असेल. पण माझ्यापुढे काय आहे बघा. जन्माची नोंद या वर्षीची, मृत्यूची नोंद या वर्षीची, डॉक्टर तुमचा, आणि वय बरोबर दोन वर्षांनी कमी. असे कागद घेऊन दरवर्षी लोक येतात, मेलेला भाऊही आणतात. एकाचं खरं धरलं तर सगळ्यांचं धरावं लागेल. एका खेळाडूच्या नावावर दोन जन्मतारखा सापडल्या तर नियम एकच आहे."

दोन वर्षांची बंदी. खोटा दाखला देऊन खेळल्याबद्दल.

मी काहीच न करता जुन्या कागदावर राहिलो असतो, तर वय संपून बाहेर पडलो असतो, पण कपाळावर शिक्का नसता. आणि बंदी संपेल त्या महिन्यात नव्या कागदावरही मी एकोणीस पूर्ण करणार होतो. हे गणित मी जिना उतरतानाच केलं.

स्टेशनवर बाकावर बसून सर म्हणाले, "मीच तुले भरीस घातलं बे." मी त्यांना नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. मला त्या क्षणी सर, बाबा, तो शाळेचा मास्तर, सगळ्यांची चीड आली होती, आणि खोटं कशाला बोलू, त्या न पाहिलेल्या भावाचीही. गाडी आली, आम्ही चढलो आणि वरठीला उतरलो.

घरी आई अंगणात सुपानं तांदूळ पाखडत बसली होती. मला पाहून हात थांबला.

"झालं का काम?"

मी सांगणारच होतो. तोंड उघडलंही होतं. पण ती माझ्याकडे अशी पाहत होती, जणू वर्षभर त्या सगळ्या खुर्च्यांवर बसून तिनं जे काही दिलं, त्याची पोच तिला माझ्याकडून हवी होती.

"झालं," मी म्हणालो.

"खेळाले घेतीन ना आता तुले?"

"हाव."

तिनं सूप खाली ठेवलं, पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. मी तिला तसं रडताना आधी कधी पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसून म्हणाली, "बरं झालं बप्पा. मोठ्यानं लहान्यासाठी जागा केली." त्या दिवशी ती आमच्यासोबत पोटभर जेवली. बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, त्यांना कळलं, आणि त्यांनी मान खाली घालून भात कालवला.

तेव्हापासून ती त्याचं नाव उघड घेते. रोवण्यात, नळावर, विहारात, जिथं बायका भेटतील तिथं सांगते. माहा मोठा लहानपणीच गेला, पण लहान्याले आपले वर्ष देऊन गेला, म्हणून तो आता मोठ्या संघात खेळते. बायका मला कौतुकानं विचारतात. मी हो म्हणतो. आता मी बाबांच्याच यार्डात ठेकेदाराकडे आहे. ड्युटी नसलेल्या रविवारी किटबॅग खांद्याला लावून सकाळी घरातून निघतो, कारण ती निघताना दारात उभी असते. कधी भंडाऱ्याला सरांकडे जाऊन नवीन पोरांना बॉल टाकतो, कधी कुठं तरी बसून राहतो. सरांना ठाऊक आहे, बाबांना ठाऊक आहे. तिला सांगायचं कसं, हे तिघांनाही सुचलेलं नाही. एकदा मी तिच्याकडून तिचं पोर मेल्याची सही घेतली. ती सही फुकट गेली, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?

मागच्या रविवारी संध्याकाळी घरी आलो, बॅग खुंटीला लावली. आईनं हात धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, "औंदा किती झाल्या विकेटा?"

मी काहीतरी आकडा सांगायचा म्हणून सांगितला, "सतरा."

"मागच्या साली एकवीस म्हणे ना तू." मग माझं डावं मनगट हातात घेऊन दाबून पाहत म्हणाली, "दुखून राहिला का रे हात?"